खानापुरातून सर्व्हरवरची फाइल एडिट करताना नेट तुटलं की केलेलं काम जातं. उपाय काय?

टीमक्स (नेट तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरा, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) आत शिरलात की आधी टीमक्स सुरू करायचं आणि त्याच्या आत विम किंवा नॅनोसारखं एडिटर उघडायचं. पावसाळ्यात आमच्या जांबोटीकडं लाइट गेली की नेटही जातं, पण एडिटर चाललेला असतो सर्व्हरवर, तुमच्या लॅपटॉपवर नव्हे. परत लॉगिन करून 'टीमक्स अटॅच' दिलं की कर्सर होता तिथंच सापडतो. सर्व्हरच रीस्टार्ट झाला, तर मात्र विमच्या स्वॅप फाइलमधून (सेव्ह न झालेले बदल विम तिथं टिपून ठेवतं) जेवढं निघेल तेवढं काढायचं.

एसएसएचएफएसने सर्व्हरवरचं फोल्डर माउंट करा, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोल्डरसारखं जोडून घ्या, म्हणणारे भेटतील. घरी फायबर असेल तर खुशाल करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नको. ऐन सेव्ह करताना रेंज गेली की एडिटरच लटकतो, आणि मग बसा बघत!

व्हीएस कोड या एडिटरचं रिमोट एसएसएच (त्यातूनच सर्व्हरवरच्या फाइल उघडायची सोय) सोपं आहे, पण ते सर्व्हरवर स्वतःचा एक प्रोग्रॅम टाकतं. त्याला किमान १ जीबी रॅम लागते, स्वस्तातल्या मशीनला झेपत नाही.

नुसतं रिकामं ठेवल्यावर कनेक्शन तुटत असेल तर लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०' (ServerAliveInterval 60) घाला.