निवेदक हजर नसलेला प्रसंग चित्रपटात दाखवता येतो का?

येतो. सगळे दाखवतात. उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "माझा दिग्दर्शक मित्र म्हणतो, कॅमेऱ्याला कुठेही जायची मुभा असते." नेमकं हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी गोव्यातल्या फोंड्यात चहा पिताना ऐकलं होतं आणि तो चहा अजून उतरलेला नाही.

आम्ही अठरा मिनिटांचा लघुपट केला होता. पटकथा माझी, दिग्दर्शन मित्राचं. दहा वर्षांचा मुलगा, घरचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आणि लाडका काका. कुळागर विकलं जातं. घरात सांगतात, कोळेरोगाने सुपारी गळली, दोन पावसाळे हाती काही लागलं नाही, म्हणून विकलं. मोठेपणी मुलाला कळतं की काकाने त्यावर आधीच पैसे उचलले होते. गोष्ट सांगतो तो हाच मुलगा, आणि तीही लहानपणी कानांवर आणि डोळ्यांवर पडली तेवढीच. बंद दाराआडची कुजबुज, तो आला की सोप्यावर थांबणारं बोलणं. पटकथेची सगळी मजा यातच होती.

चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी मी नोकरीवर होतो. या महाशयांनी तेवढ्यात तावेर्नातला, म्हणजे दारूच्या गुत्त्यातला, प्रसंग उरकला. काका दलालाकडून नोटा मोजून घेतोय. चाळीस सेकंद. मुलगा तेव्हा घरी झोपलेला. एडिटमध्ये हे आलं चौथ्या मिनिटाला. पुढे काका जत्रेतून खाजें आणतो, मुलाला खांद्यावर बसवतो, आणि प्रेक्षक त्याच्याकडे चोर म्हणून बघतो. मुलाबरोबर फसायचं सुखच गेलं!

मित्राने रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक पुढे केला, अपेक्षेप्रमाणे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला सांगितलं नाही तर पंधरा सेकंदांचा धक्का, सांगितलं तर पंधरा मिनिटांचा ताण. मान्य. जत्रेच्या रात्री दशावतारी खेळात कीचक मरणार हे माझ्या आजीला जन्मभर माहीत होतं, तरी ती पहाटेपर्यंत चटई सोडत नसे. पण तिथे सूत्रधार असतो, आणि सूत्रधाराला सगळं माहीत असायचंच. 'मी तेव्हा दहा वर्षांचा होतो' म्हणणाऱ्याला कुठून असणार?

लघुपटाचा पहिला खेळ देवळाच्या सभागृहात झाला. संपल्यावर आईने एवढंच विचारलं, "तेन्ना तूं न्हिदिल्लो न्ही रे?" तू तर तेव्हा झोपला होतास ना? पटकथेचा एकही वर्ग न केलेल्या बाईला जे खटकलं ते याला खटकलं नाही. मी ते त्याला ऐकवलं, जरा जास्तच वेळा.

दुसऱ्या दिवशी त्याने हिचकॉकच्याच 'रिअर विंडो'मधला (१९५४) तुकडा पाठवला. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला नायक खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवतो. आपण जवळजवळ सगळा चित्रपट त्याच्या खोलीतूनच बघतो. पण एकदा तो झोपलेला असताना, ज्याने बायकोचा खून केल्याचा त्याला संशय आहे तो शेजारी एका बाईबरोबर बाहेर पडतो आणि हे फक्त आपल्याला दिसतं. सोबत संदेश, "तुझ्या आईला दाखव."

उदाहरण बिनतोड आहे, फक्त माझ्या बाजूचं आहे. ते दृश्य पाहून आपल्याला नायकाच्याच संशयाची शंका येते. शेजाऱ्याची बायको जिवंत तर नसेल? म्हणजे आपल्याला जास्त कळलं, पण त्याने गुंता वाढला. शिवाय तिथे कुणी 'मी' म्हणून गोष्ट सांगत नाही. आमच्या तावेर्नाने काय केलं? शेवट फोडला.

तर तुमच्या मित्राला विचारा, त्या प्रसंगाने प्रेक्षकाचा प्रश्न वाढतो की मिटतो? मिटत असेल तर कापा. अगदीच ठेवायचा असेल तर निवेदकाला म्हणू द्या, "असं झालं असावं." मग तो त्याच्या मनातला प्रसंग होतो. पडद्यावर दिसलं म्हणजे घडलंच, असं कुठे आहे? 'राशोमोन'मध्ये (१९५०) एकाच घटनेच्या न जुळणाऱ्या हकिकती कॅमेरा सारख्याच ठामपणे दाखवतो. आणि हो, तुमच्या निवेदकाचा आवाज फक्त सुरुवातीला आणि शेवटी असेल, तर माझं वरचं बरंचसं लागू नाही. मधल्या वेळात प्रेक्षक त्याला विसरतो. हे आधी लिहायला हवं होतं.

एक राहिलं. ती गोष्ट आमच्याच घरातली. काकाने पैसे कुठे, कसे घेतले हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तावेर्न ही मित्राची कल्पना. काका पहिल्या खेळाला शेवटच्या रांगेत बसला होता. बाहेर चपला घालताना खाली बघतच मला म्हणाला, तिथे टेबल नव्हतं, बाकडं होतं.

मित्राला हे मी आजवर सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा वाचेल.