उताराच्या प्लॉटवर स्वतःचं घर आणि भाड्याने द्यायला एक फ्लॅट बांधायचा आहे. भाडेकरू वर ठेवावा की खाली?

बहुतेक वेळा खालीच. फक्त दार कुठून द्यायचं ते रस्ता कुठल्या अंगाला आहे त्यावर ठरतं, आणि तेच तुम्ही लिहिलेलं नाही. रस्ता खालच्या बाजूला असेल तर सोपं आहे. भाडेकरू रस्त्यालगत राहील आणि तुम्ही वर, मागच्या अंगणाच्या पातळीवर. रस्ता वर असेल तर भाडेकरूला बाहेरून वेगळा जिना द्या आणि तो तुमच्या बेडरूमच्या खिडकीखालून नेऊ नका. गुडघे दुखणारं कोणी घरात असेल तर त्या माणसाची खोली रस्त्याच्या पातळीलाच हवी, मग बाकीच्या नकाशाची कितीही ओढाताण होवो. 'पुढे रॅम्प करू' म्हणणाऱ्यांनी हिशोब करून बघावा. व्हीलचेअरसाठी चढ १:१२ धरतात, म्हणजे ३ मीटरच्या उताराला ३६ मीटर लांब रॅम्प, शिवाय मध्ये थांबायच्या जागा. तेवढी लांबी तुमच्या प्लॉटला आहे का?

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे: 'खालचा फ्लॅट भाड्याचाच आहे, तिथे साधं काम केलं तर चालेल ना?'

नाही चालणार. हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की कोणी टाइप केलेलं दिसलं तरी डोकं फिरतं.

आमचंही घर उतारावरच. रस्ता वर, घर खाली उतरत गेलेलं. आम्ही आणि माझे मोठे दीर, दोघांनी मिळून बांधलं. वरचे मजले घरच्यांचे, सगळ्यात खालचा भाड्याचा. त्या खालच्या मजल्याची मागची भिंत पूर्णच्या पूर्ण मातीत. इंजिनिअरने ड्रॉइंगमध्ये त्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग, मागे खडीचा उभा थर, तळाशी भोकांचा पाइप आणि तो पाइप उताराच्या टोकाला बाहेर काढलेला, असं सगळं व्यवस्थित दाखवलं होतं. दिरांनी त्यावर काट मारली. "पाणी उतारावरून वाहून जातं, भिंतीपाशी थांबेल कशाला? आणि भाड्याचीच तर जागा आहे." मी बोलले, तर "तू ओट्याचं बघ, हे आम्ही बघतो." वाचलेल्या पैशांत वरच्या हॉलला मार्बल बसलं. बाजूच्या रिटेनिंग वॉलमध्ये, म्हणजे माती अडवून धरणाऱ्या भिंतीत, पाणी निघायला वीप होल सोडले होते, तेही गिलावा करताना बुजवले. का, तर भिंत गोवर आल्यासारखी दिसते!

पहिल्या पावसाळ्यात आधी नुसता कोंदट वास आला. मग स्कर्टिंगच्या वर रंगाला फुगे आले, ते फुटून पोपडे, पोपड्यांखाली पांढरे क्षार. खाली एक तरुण जोडपं राहत होतं, तान्हं मूल घेऊन. त्यांचं कपाट त्याच भिंतीला टेकवलेलं. एक दिवस तिने मला खाली बोलावून कपाट पुढे ओढून दाखवलं. मागचा प्लाय काळा पडला होता आणि खालच्या कप्प्यातल्या फाइलमधल्या सर्टिफिकेटांवर बुरशीचे ठिपके. दिरांचं म्हणणं, "हे लोक घरातच कपडे वाळवतात, खिडक्या उघडत नाहीत, त्याचा दमटपणा आहे."

आता हा वाद सोडवायला इंजिनिअर लागत नाही. भिंतीचा एक हातभर भाग फडक्याने कोरडा करायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारी कडांना टेप लावायची आणि एक-दोन दिवस वाट बघायची. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या अंगावर साचलं तर घरातल्या हवेचा दमटपणा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला साचलं तर भिंतीतून येणारी ओल. मी लावला. दुसऱ्या दिवशी आतून थेंबांची रांग, बाहेरून प्लास्टिक कोरडं ठणठणीत. दिरांना खाली नेऊन दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, टेप नीट लागली नसेल.

पुढचं थोडक्यात सांगते. आतून वॉटरप्रूफ रंग मारला, पुढच्या पावसात तो पापडासारखा सुटला. आतून मारलेल्या थराला पाणी मागून ढकलतं, तो किती दिवस चिकटून राहणार? शेवटी भिंतीच्या वरच्या अंगाला केलेलं पार्किंगचं पेव्हिंग फोडून तळापर्यंत खोदलं आणि ड्रॉइंगमध्ये पहिल्या दिवसापासून होतं तेच काम केलं. खर्च मूळच्या कितीतरी पट. ते जोडपं तोवर सोडून गेलं होतं. भिंत तेव्हापासून कोरडी आहे आणि दीर आजही म्हणतात की नवीन भाडेकरू खिडक्या उघड्या ठेवतात म्हणून.

तर पाण्याचं गणित समजून घ्या. जमिनीवरून दिसणारं पाणी वाहून जातं हे खरं, पण मातीत मुरलेलं पाणी जमिनीच्या आतून हळूहळू उताराकडे सरकत असतं आणि तुमची भिंत त्याच्या वाटेत आडवी उभी असते. त्याला वाट दिली नाही तर ते मागे साचतं. साचलेल्या पाण्याचा दाब दर मीटर खोलीला चौरस मीटरमागे एक टनाने वाढतो. ३ मीटर भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर नुसत्या पाण्याचा रेटा साडेचार टन, मातीचा वेगळा. भिंत दुप्पट उंच केली की हा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून एक उंच भिंत घालण्यापेक्षा अंतर सोडून दोन बुटक्या भिंतींचे टप्पे करावेत. वरची भिंत खालच्या भिंतीला खेटून नको, नाहीतर वरच्या टप्प्याचा भार खालचीवरच येतो.

जागा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घराची भिंत मातीला लागूच देऊ नका. रिटेनिंग वॉल वेगळी, घराची भिंत वेगळी, मध्ये माणूस चालेल इतकी फट आणि तिच्या तळाला गटार. ओल जाते आणि मागच्या खोल्यांना थोडा उजेड-वाराही मिळतो. जागा नसेल तर मातीकडच्या बाजूला जिना, पॅसेज, बाथरूम घ्या (बाथरूमला हवेसाठी डक्ट हवाच), आणि हॉल-बेडरूम उताराच्या मोकळ्या बाजूला.

दुसरा हट्ट घरोघरी असतो, आधी प्लॉट सपाट करून घेऊ. कशासाठी? उतार मोजा. पूर्ण प्लॉटचा नको, घर जिथे बसणार तेवढ्याच खोलीचा, म्हणजे समोरून मागेपर्यंतच्या अंतराचा. १० मीटर खोल घराखाली जमीन ३ मीटर उतरत असेल तर खालचा अख्खा मजला समोरून मोकळा मिळतो, भाड्याच्या फ्लॅटला याहून चांगली जमीन नाही. दीड मीटर उतरत असेल तर अर्ध्या मजल्याच्या पातळ्या करा. अर्धा मीटरच असेल तर जोतं थोडं उंच घ्या आणि खालच्या फ्लॅटचा विचार सोडा, कारण तो खड्ड्यात जाईल. हे सगळं अंदाजाने नाही, कंटूर सर्व्हे (जमिनीच्या चढउताराची मोजणी) करून. भराव करायचाच असेल तर वीस-तीस सेंटिमीटरचे थर, पाणी मारून, दाबून. ट्रकने ओतून वरून बुलडोझर फिरवलेला भराव वर्षानुवर्षं खचत राहतो. पाया कुठल्याही परिस्थितीत भरावावर नको, तो खालच्या मूळ पक्क्या जमिनीत उतरला पाहिजे.

ड्रेनेजकडे कोणी बघत नाही म्हणून सांगते. रस्ता वर आणि सार्वजनिक लाइन रस्त्यात असेल तर खालच्या फ्लॅटचं सांडपाणी आपोआप वर चढणार नाही, पंप लागेल. आणि वरचा-खालचा पाइप एकच असला आणि पुढे कुठे तुंबला, तर तुमच्या आंघोळीचं पाणी भाडेकरूच्या जाळीतून वर येतं. लाइन वेगळ्या ठेवा किंवा खाली पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. वीज, पाण्याचे मीटर वेगळे हे तुम्हाला माहीत असेलच, पण तुमचे कॉक आणि स्विच भाडेकरूच्या घरात येणार नाहीत एवढं बघा. बाथरूमखाली बाथरूम, बेडरूमखाली बेडरूम घ्या. रात्री पाय आपटत चालणारी मुलं असतील तर स्लॅबवर फरशीखाली आवाज शोषणारा थर टाका, नंतर टाकता येत नाही.

काटकसर करायची आहे ना? खालच्या फ्लॅटच्या टाइल्स साध्या घ्या, नळ साधे, किचनच्या ट्रॉल्या नकोत, फॉल्स सीलिंग तर मुळीच नको. ते सगळं दहा वर्षांनी बदलता येतं. भिंतीमागची खडी बदलायला अख्खं अंगण उकरावं लागतं.

मी इंजिनिअर नाही. वरचे आकडे समज यावी म्हणून दिलेत, त्यावर भिंत बांधायला घेऊ नका. मातीची तपासणी करून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन घ्या. कातळ लागला तर हिशोब वेगळा, फुगणारी चिकणमाती लागली तर फारच वेगळा. खालचा मजला तुमच्याकडच्या नियमांत तळघर धरला जातो का, तेही नकाशा काढण्याआधी विचारा. धरला गेला तर तिथे राहायला परवानगी मिळेलच असं नाही आणि भाड्याचं सगळं गणित कोसळतं. आणि इंजिनिअरच्या ड्रॉइंगमधली एखादी ओळ घरातल्या कोणाला खोडायची असेल तर खुशाल खोडू द्या, फक्त शेजारी तारीख घालून सही घ्या. आमच्याकडे ती घेतली असती तर निदान खिडक्यांचा विषय तरी मिटला असता.