मिसळीत मटकी किती?

या वेळचे पत्र कॅनडातल्या एडमंटनहून आले आहे. चार पानांच्या या पत्रात पाच प्रश्न आहेत, आणि पाचही प्रश्नांना सारखीच जागा द्यावी अशी पत्रलेखिकेची अपेक्षा असणार. परंतु तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला आणि उरलेले पत्र संध्याकाळी वाचले. तो परिच्छेद असा:

"ताई, आमच्या यांचा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) ६.१ आला आणि डॉक्टरांनी आहार सांभाळायला सांगितले. हे मूळचे कोल्हापूरचे, मिसळ म्हणजे यांचा जीव की प्राण. म्हणून मी पौष्टिक मिसळ केली. मटकीऐवजी किन्वा घातला, तेल पूर्ण बंद केले आणि फरसाणाच्या जागी केल या पालेभाजीची पाने एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत करून घातली. लेक म्हणाली, 'आई, हे सूप छान आहे, पण मिसळ कधी?' हे काहीच बोलले नाहीत. रात्री अकराला गॅरेजमध्ये दिवा दिसला म्हणून जाऊन पाहिले, तर हे थंडीचा कोट घालून उभे आणि हातात फरसाणाचे पाकीट."

बाई, जानेवारीत एडमंटनच्या गॅरेजमध्ये उभे राहून फरसाण खाणाऱ्या माणसावर रागवायचे माझ्या तरी जिवावर येते. तुमची कळकळ मला समजते. ६.० ते ६.४ हा आकडा कॅनडात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा मानतात, आणि घरात असा कागद आला की बाईमाणसाला पहिल्यांदा आपले स्वयंपाकघरच आरोपी वाटू लागते. मात्र एका गोष्टीसाठी तुम्हाला बोलणे भाग आहे. मिसळीच्या वाडग्यात मटकी, कट, फरसाण आणि पाव असे चार घटक असताना तुम्ही नेमकी मटकीच काढून टाकलीत! त्या चौघांत तुमच्या यजमानांच्या सर्वांत उपयोगाची तीच होती. सुक्या मटकीत शंभर ग्रॅममागे बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिने असतात, चोथा भरपूर असतो, आणि तिच्यातली साखर रक्तात सावकाश उतरते. किन्व्यात प्रथिने त्याहून कमी आणि त्याची किंमत कितीतरी जास्त. किन्व्याशी माझे वैर नाही, पण कटात भिजलेला किन्वा मीही एकदा खाल्ला आहे आणि तुमच्या लेकीचे म्हणणे मला पटते.

आपल्या आवडीच्या बहुतेक पदार्थांत पौष्टिक वस्तू मुळातच असते आणि वर्षानुवर्षे तिचे माप घटत आलेले असते, असे माझे जुने मत आहे आणि या सदराचे नेहमीचे वाचक ते ऐकून कंटाळले असतील. माझ्या माहेरी, सांगलीला, मिसळ हा वेगळा पदार्थ म्हणून होतच नसे. शनिवारी रात्री मटकीची उसळ व्हायची आणि रविवारी सकाळी उरलेल्या उसळीवर रस्सा वाढवून, कांदा चिरून, डब्यातली मूठभर शेव टाकली की झाली मिसळ. म्हणजे ताटलीत उसळ दीड वाटी आणि शेव एक मूठ. पुढे आम्ही बाहेर मिसळ खाऊ लागलो आणि हे माप हळूहळू उलटले. आता फरसाणाचा डोंगर उकरावा तेव्हा तळाशी मटकीचे पंधरा-वीस दाणे सापडतात. साध्या शेव-फरसाणात शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी असतात, शिवाय मीठ. तेव्हा मिसळ बदलायची गरज नाही. तिचे जुने माप परत आणा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तुम्ही म्हणाल की मटकी आणली होती, आणि तुम्ही तसे लिहिलेही आहे: "मोड येतच नाहीत हो इकडे. दोनदा केले, एकदा वाळून खडखडीत आणि एकदा बुळबुळीत." खरी अडचण ही आहे आणि ती तुम्ही पाचव्या ओळीत कंसात टाकून दिलीत. ज्याला मोड आणता येत नाहीत तो किन्व्याकडे वळणारच; म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

दुकानात पाकिटावर बहुधा 'मोठ' किंवा 'मठ' असे लिहिलेले असते. आपली मटकी तीच. फार जुने पाकीट घेऊ नका, कारण जुन्या दाण्याला मोड येत नाहीत आणि मग आपण हवेला दोष देत बसतो. चौघांना एक मोठी वाटी पुरे, कारण मोड आल्यावर ती अडीच-तीन वाट्या होते. तुमच्याकडे हिवाळ्यात नळाचे पाणी बर्फासारखे येते, त्यात मटकी भिजत घालणे म्हणजे तिला झोपवणेच आहे. म्हणून हाताला कोमट लागेल असे पाणी घ्या आणि दहा तास भिजू द्या. नंतर ताटात पसरून गणंग वेचून काढा. न भिजलेला तो खडा दाताखाली आला की यजमान पुन्हा गॅरेजमध्ये जातील. पुढची पायरी बहुतेक जणी घाईत उरकतात: चाळणीत मटकी तासभर नुसती निथळू द्या. तुमची बुळबुळीत झाली ती इथेच, खाली पाणी राहिल्यामुळे. मग सुती कापड ओले करून घट्ट पिळा, त्यात मटकी सैलसर बांधा आणि ती पुरचुंडी झाकणाच्या पातेल्यात ठेवा.

आता ऊब. आमच्या आईला हा प्रश्नच नव्हता. ती पुरचुंडी खुंटीला टांगायची आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी कापडातून मोड बाहेर डोकावत असत. तुमच्या घरात घर तापवणारी भट्टी चालू असून हवा वीस अंश आणि कोरडी ठणठणीत असते, म्हणून पातेले ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन बंद आणि आतला दिवा चालू ठेवायचा. जुन्या पद्धतीच्या दिव्याने आत पंचवीस-तीस अंशांची छान ऊब धरते. नव्या ओव्हनमध्ये एलईडी दिवा असेल तर तो नुसता उजेड देईल. मग तळघरात भट्टीच्या खोलीत पातेले ठेवा. सकाळ-संध्याकाळ पुरचुंडी सोडून दाणे हलवायचे, कोमट पाण्याने धुऊन पुन्हा निथळून बांधायचे. तुमची पहिली खेप वाळली ती हे न केल्याने. दिवस-दीड दिवसात दाण्याएवढा मोड आला की थांबा; त्याहून लांब वाढू दिलात तर चव उतरते.

आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा. मिसिसागात आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी अशीच अर्धा किलो मटकी आत ठेवून कामावर गेले होते. आमच्या यांनी बायकोला बरे वाटावे म्हणून पिझ्झा करायचे ठरवले आणि ओव्हन ४२५ अंश फॅरनहाइटवर तापायला लावून ते अंगणातला बर्फ काढायला गेले. मी आले तेव्हा घरभर धूर होता, पुरचुंडीचे कापड कडेने काळे पडले होते आणि आत मटकीचे फुटाणे झाले होते. माझे सासरे तेव्हा आमच्याकडे राहत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "मीठ हवे होते."

मोडांमुळे काय साधते, हेही सांगते, म्हणजे ही खटपट उगाच वाटणार नाही. दाण्यातले लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल मोड येताना कमी होते, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा घटतात आणि सुक्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व तयार होते. ते शिजवताना थोडे जाते, म्हणून शेवटी पिळलेले लिंबू शोभेचे समजू नका. त्यानेही लोह अंगी लागायला मदत होते. मात्र तुमच्या लेकीच्या डब्यात कच्चे मोड सॅलड म्हणून देण्याचा विचार तुम्ही पत्रात लिहिला आहे, तो सोडून द्या. जी ऊब मोडांना मानवते तीच जंतूंनाही मानवते. जर्मनीत २०११ साली मेथीच्या मोडांतून ई. कोलायची मोठी साथ पसरून पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. मोड चांगले वाफवून द्या. आपल्या आया उसळ शिजवूनच वाढायच्या, ते उगाच नव्हे.

कटाबद्दल थोडक्यात, कारण इथे तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. तेल शून्य केले की कांदा-लसूण मसाल्याचा वास उमलत नाही, आणि मग रश्श्याला सूप म्हणणारी मुलगी चुकत नाही. चौघांच्या कटाला दोन मोठे चमचे तेल घ्या. एका चमच्यात साधारण एकशेवीस कॅलरी असतात, म्हणजे वाटणीला साठ येतात, आणि तेवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही. एका चमच्यात वाटण परता. वाटणात सुके खोबरे चमचाभरच ठेवा, त्याचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्धच असतो. दाटपणासाठी विस्तवावर काळसर भाजलेला कांदा आणि मूठभर शिजलेली मटकी वाटून घाला. मोडाची मटकी हळद-मीठ घालून पंधरा मिनिटांत शिजते, कुकरला लावून तिचा लगदा करू नका, आणि ते शिजवलेले पाणी कटातच जाऊ द्या. उरलेले चमचाभर तेल तापवून, गॅस बंद करून, मग त्यात लाल तिखट टाका आणि ती फोडणी अगदी शेवटी वरून सोडा. तवंग दिसला की कोल्हापूरचा माणूस निम्मी समजूत पटवून घेतो. हे मी नागपूरच्या माणसाशी तीस वर्षे संसार करून सांगते आहे. त्यांच्याकडे तर्री दिसल्याशिवाय चमचा उचलत नाहीत.

फरसाण घरातून हद्दपार करू नका. पातळ पोहे मंद ओव्हनमध्ये कुरकुरीत करून त्यात भाजलेले दाणे, डाळं, कढीपत्ता आणि चमचाभर तेलाची हिंग-हळदीची फोडणी घाला. हा चिवडा मिसळीत खाली, आणि खरी शेव फक्त वर, एक मूठ, ताट समोर आल्यावरच, कारण कुरकुर टिकली तर थोड्यात भागते. माझ्या सासऱ्यांना शेवटची बारा वर्षे मधुमेह होता. ते शेव चहाच्या बशीत काढून घेत आणि बशी रिकामी झाली की डब्याचे झाकण स्वतः लावत. डबा लपवला असता तर त्यांनीही गॅरेज शोधले असते. पाव दोनाऐवजी एक खावा. तुमच्याकडे मिळणारे गोडसर बन मिसळीला शोभत नाहीत हे निराळेच. मटकी संपली असेल त्या आठवड्यात अख्खा मसूर करा. तुमच्या शेजारच्या सस्कॅचेवानात तो इतका पिकतो की जहाजे भरून भारतात जातो, आणि कऱ्हाड-इस्लामपूरकडे त्याच्या नावावर हॉटेले चालतात.

आता उरलेले चार प्रश्न.

पुरणपोळी साखर-गुळाऐवजी स्टीव्हिया घालून करावी का? करू नये, पुरण आवळत नाही. गूळ घातला म्हणून ती पथ्याची होते हेही खरे नाही, कारण गूळ म्हणजे बव्हंशी साखरच. होळीला एक पोळी द्या, पारी पातळ ठेवा, आणि सोबत कटाची आमटी वाटीभर.

चकली एअर फ्रायरमध्ये? होते, पण ती चकलीच्या आकाराची खारी बिस्किटे होतात. दिवाळीत तळा, नेहमीच्या निम्मी करा आणि निम्मी शेजारी वाटा.

औषध सुरू करायचे की नुसत्या आहारावर भागेल, हे मला विचारू नका. डॉक्टरांना विचारा, आणि प्रश्न विचारायला यजमानांनाच पाठवा.

शेवटचे तुमचे वाक्य असे आहे: "सासूबाई जूनमध्ये येणार आहेत, त्या अर्धी बॅग भाकरवडीची भरून आणतील, त्यांना कसे थांबवू?" थांबवू नका, थांबणार नाहीत. त्याऐवजी फोन करून त्यांच्याकडे एक वस्तू हक्काने मागा: घरातले दोन जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले पंचे. इकडच्या दुकानातले चीजक्लॉथ फार विरळ विणलेले असते, त्यातून मोड अडकून तुटतात, आणि टॉवेलाचे धागे मटकीला चिकटतात. दोन पंच्यांची जागा झाली की बॅगेत भाकरवडीचा निदान एक पुडा कमी बसेल.