जुन्या गाडीचा ऑइल चेंबर उतरवून धुवावा की नुसते फ्लशिंग ऑइल फिरवावे?

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे पत्र्याचे भांडे, उतरवूनच धुवावा. नुसते फ्लशिंग ऑइल (इंजिन आतून धुण्यासाठी थोडा वेळ फिरवायचे पातळ ऑइल) फिरवल्यास तळाशी घट्ट बसलेला गाळ अर्धवट सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याचा आणि ऑइलचा दाब घसरण्याचा धोका असतो. १९५० च्या दशकापर्यंतच्या अनेक इंजिनांत सगळे ऑइल गाळून पुढे पाठवणारा फिल्टर नसे, त्यामुळे काजळी आणि धातूची झीज चेंबरच्या तळाशी साचत जाते. नागपुरातील गॅरेजमध्ये अशी इंजिने उघडताना हा काळा थर मी वारंवार पाहिला आहे. इंजिन कोमट असताना ऑइल काढावे, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे सैल करावेत आणि चेंबर चिकटला असल्यास पटाशीने उचकटण्याऐवजी रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत, कारण पत्र्याची कड एकदा वाकली की गळती थांबवणे फार कठीण जाते. चेंबर व जाळी रॉकेलने, ब्रश वापरून धुवावी आणि पूर्ण वाळवावी. चेंबर आणि इंजिन यांच्यामधले कॉर्कचे पॅकिंग आपल्याकडच्या मे महिन्यात वाळून आखडते, म्हणून बसवण्यापूर्वी ते थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावे. मात्र गाळात धातूचे चमकणारे कण दिसले, तर चेंबर पुन्हा लावण्याआधी बेअरिंग अवश्य तपासून घ्यावेत.