वाचक विचारतात : ग्रीक पुराणातले नाव आणि आपला पाळणा

बारशाच्या नावांबद्दल आलेल्या पत्रांत या वेळी ग्रीक देवतांची गर्दी होती. त्यांतल्या पाच पत्रांना उत्तरे.

प्रश्न : मुलीसाठी हेरा, डॅफ्नी, थिया आणि माया ही चार नावे काढली आहेत. सासूबाईंना हाक मारता आली पाहिजे. कोणते ठेवावे? – उदगीर

नाव मोबाइलवर वाचून ठरवू नका, ओसरीवरून अंगणात हाक मारून बघा. हेरा ही देवांचा राजा झ्यूस याची पत्नी, विवाहाची देवता. पण मराठी कानाला त्यात आधी ‘हेर’ ऐकू येतो, आणि तिच्या कितीतरी कथा नवऱ्याच्या भानगडींवर पाळत ठेवण्याच्याच आहेत! डॅफ्नीची कथा हृद्य आहे. अपोलो मागे लागला म्हणून ती धावत सुटली आणि सुटकेसाठी लॉरेलचे झाड झाली. अडचण जोडाक्षराची आहे. घरात ‘डफनी’ होईल आणि वर्गातली पोरे ‘डाफरणे’ शोधून काढतील. थिया ही सूर्य, चंद्र आणि पहाट यांची आई. अर्थ मोठा आहे, पण ‘थ’चा ‘ठ’ झाला की तहसीलसमोरचा ठिय्या आठवतो.

आमचा कौल मायाला. ग्रीक उच्चार ‘माइआ’च्या जवळचा आहे. ती अ‍ॅटलासच्या सात मुलींपैकी थोरली आणि हर्मीसची आई. ग्रीक भाषेत हाच शब्द दाई किंवा सांभाळणारी वडीलधारी बाई या अर्थानेही येतो. संस्कृत ‘माया’शी त्याचे मूळ जुळत नाही. पण आपल्याकडे आईला ‘माय’ म्हणतात आणि तिच्या जिव्हाळ्याला माया, त्यामुळे सासूबाईंना अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. एक खोड तेवढी आहे : ‘त्याने बरीच माया जमवली’ असेही आपण म्हणतो. ती खपवून घ्यावी.

प्रश्न : लेकीचे नक्षत्र कृत्तिका आहे. गुरुजींनी अ, ई, उ, ए ही अक्षरे दिली. आयरिस, एरिस की इलेक्ट्रा? – परभणी

एरिस आधी खोडा. ती कलहाची देवी. पेलिअस आणि थेटिसच्या लग्नाला तिला बोलावले नाही म्हणून तिने ‘सर्वांत सुंदर असेल तिला’ असे लिहिलेले सोन्याचे सफरचंद मांडवात टाकले आणि त्यातून पुढे ट्रॉयचे युद्ध पेटले. आयरिस वेगळी. ती इंद्रधनुष्याची देवता आणि देवांची दूत. मात्र तिचा मूळ ग्रीक उच्चार ‘ईरिस’ असा आहे. तसे लिहिलेत तर ‘ई’ आणि ‘ए’ यांत एका मात्रेचा फरक उरतो आणि दूत कधी भांडखोर होईल ते कळणार नाही. म्हणून ठेवायचेच तर ‘आयरिस’ लिहा; ‘आ’ हे ‘अ’च्याच घरातले धरतात.

इलेक्ट्रा तुमच्या नक्षत्राला अगदी चपखल आहे, कारण कृत्तिकेतल्या एका ताऱ्याचेच ते नाव. पण त्याच नावाची दुसरी इलेक्ट्रा आगामेम्नॉनची मुलगी. बापाच्या खुनाचा सूड म्हणून आईला मारण्यात तिने भावाला साथ दिली. आणि वीज या अर्थाचा इंग्रजी शब्द याच घराण्यातला असल्याने पोरीला जन्मभर ‘लाईट आली का?’ ऐकावे लागेल.

एक नाव तुमच्या यादीत नाही, पण बसते बरोबर : ईरा. आजचे ग्रीक लोक हेराचे नाव ‘ईरा’ असेच उच्चारतात. अक्षर ‘ई’ मिळते आणि ‘इरा’ संस्कृतातही आहे. लॅटिनमध्ये मात्र याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ राग. कुणी इटलीत राहायला जाणार नसेल तर त्याने बिघडत नाही.

प्रश्न : मुलाचे नाव ओरायन ठेवले तर? – जालना

ठेवा, फक्त फोनवर दहापैकी सात जण ‘आर्यन’ लिहून घेतील याची तयारी असू द्या. ओरायन हा शिकारी, विंचवाच्या दंशाने मेलेला. म्हणूनच वृश्चिक उगवताना तो मावळतो, असे सांगतात. आकाशात त्याचा तारकासमूह म्हणजे आपला मृग. मृग निघाला की पेरणीची घाई सुरू होणाऱ्या घरात हे नाव परके वाटू नये. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली वेदकाळ ठरवणाऱ्या ग्रंथाला हेच नाव दिले, हे आजोबांना सांगायला उपयोगी पडेल. जन्माक्षर पाहत असाल तर मात्र ‘ओ’ मृगाचे नाही, रोहिणीचे आहे.

प्रश्न : आपल्या मातीत नावे कमी पडली काय, की परक्यांचे देव आणायचे? – धाराशिव

कमी पडली नाहीत. पण परके म्हणताना जरा थांबा. झ्यूस आणि वेदांतला द्यौस्, पहाटेची इऑस आणि उषस् हे शब्द एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. म्हणजे ‘उषा’ ठेवले तरी निम्मे काम होते. आणि तुमच्या जिल्ह्यातले तेर म्हणजेच ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, असा हिशेब दिलेला आहे. तगरचे कापड भडोचला जात होते, तशी ग्रीक नावेही कानांवर येत असतील.

प्रश्न : ‘रिया’ हे ग्रीक पद्धतीने लिहायचे आहे. दाखल्यावर पुढे त्रास होईल का? – सेलू

होईल, आणि तो ‘एच’ या अक्षरामुळे. रिया ही झ्यूसची आई. तिचे इंग्रजी स्पेलिंग आर-एच-ई-ए असे होते. कुणी ते आधी इंग्रजीत भरले आणि मराठी रूप संगणकावर सोडले, तर ‘र्‍हेआ’ छापून येते. शाळेत मग कुणी आर-आय-वाय-ए लिहितो आणि दाखला, आधार, गुणपत्रक यांवर तीन नावे होतात.

म्हणून क्रम असा ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. तोवर नाव ठरले नसेल तर ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांच्या आत कळवले तर शुल्क नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. म्हणजे बारशाच्या गडबडीत अर्ज भरायची सक्ती नाही. अर्ज देण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपे सुट्या, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा आणि घराबाहेरच्या पाच जणांना वाचायला द्या. दोघे अडखळले तर स्पेलिंग बदला. नगरपालिका असो की ग्रामपंचायत, छापील दाखला हातात आला की तिथेच उभे राहून वाचा. लेखनचूक दुरुस्त करून मिळते. आवडले नाही म्हणून नाव बदलायचे झाले तर राजपत्रापर्यंत जावे लागते. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या कागदांवर नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव येते. तेव्हा पहिले नाव दोन-तीन अक्षरांचेच बरे. पर्सिफोनीला अर्जाच्या चौकटी पुरणार नाहीत.