इंग्रजीत बी.ए. झालं, मग बी.एड.च का?

मी करिअरबद्दल सल्ला देते. निकाल लागले की पालक हाच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, पोरीनं इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय. बी.एड. सोडून पुढं आहे काय?" मुलं म्हणतात, "मला काही येत नाही, नुसत्या कविता-कादंबऱ्या वाचल्यात." भीती दोघांचीही एकच.

कराडकडच्या एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटेल ते तपशील बदलून. पहिल्या दोन भेटींत ती जेमतेम बोलली.

"शिकवायला आवडेल?"

"नाही."

"मग काय आवडेल?"

"माहीत नाही."

आवड विचारणं मी तिथेच थांबवलं. विशीत आवड शब्दांत सांगता येतेच असं नाही, पण कुणी न सांगता केलेलं काम बरंच बोलतं, असं मी मानते. तिला म्हटलं, गेल्या सहा महिन्यांत घरच्यांसाठी इंग्रजीतलं काय काय केलंस, ते लिहून आण.

पुढच्या भेटीला वही कोरीच. "तसं काहीच नाही केलं."

शेजारी बसलेल्या वडिलांनी शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. घड्यांवर विरलेला, औषधाचे डाग पडलेला. १६ लिटरच्या बॅटरी फवारणी पंपाचं इंग्रजी माहितीपत्रक तिने मराठीत सात पायऱ्यांत उतरवलं होतं. "नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, हे मूळ पत्रकात मागच्या पानावर होतं," वडील म्हणाले. "हिनं ते नोझल खोलायच्या आधी घातलंय."

"वर का आणलंस गं?" मी विचारलं.

"फुंकून झाल्यावर वाचून काय उपयोग?"

मी तो कागद बराच वेळ हातात धरून होते. धोक्याची सूचना कृतीच्या आधी यायला हवी, हा तांत्रिक लेखनातला, म्हणजे यंत्रं-वस्तू कशा वापरायच्या हे सोपं करून लिहिण्यातला, पायाभूत नियम, आणि तो तिला कुणी शिकवला नव्हता. तीन वर्षं कविता उलगडताना वाचक कुठे अडखळतो हे तिला कळायला लागलं होतं. ती आवड शोधत होती आणि कसब वडिलांच्या खिशात होतं. योग्य प्रश्न सापडला याचं मलाही समाधान वाटलं.

इथून पुढे काम सोपं होतं. भाषांतराचं किंवा अशा लेखनाचं काम मिळवायचं तर मी सगळ्यांना हेच सांगते. "उत्तम संवादकौशल्य" असं लिहिलेला बायोडेटा कुणी दोनदा वाचत नाही. त्यापेक्षा तीन नमुने तयार करा, प्रत्येकी एक-दोन पानांचे. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे तुमचा आणि खाली चार ओळी: काय बदललं, का बदललं. मशीनचं भाषांतर जसंच्या तसं चिकटवू नका. ते तपासून दुरुस्त करणं हेही आता कामच आहे. चाचणी म्हणून २५०-३०० शब्द फुकट करून द्यायला हरकत नाही. तीन हजार शब्द मागितले तर ते फुकटात करून घेणं झालं. नोंदणी फी किंवा अनामत मागणाऱ्या "घरबसल्या कामा"ला तिथूनच नमस्कार करा.

बी.एड. वाईट नाही, पण वर्गात उभं राहायचं असेल तरच करा. सीईटी ही प्रवेश परीक्षा, पदवीला खुल्या गटासाठी किमान ५० टक्के, आणि मग दोन वर्षं. त्यानंतरही शिक्षकभरतीच्या परीक्षा आहेतच. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला खुल्या गटासाठी ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. इंग्रजीची मुलं दुसऱ्या पेपरमागे वर्ष घालवतात आणि एक तृतीयांश गुण पहिल्या पेपरात सोडून येतात. कायद्याची आवड असेल तर पदवीनंतरचं एलएल.बी. तीन वर्षांचं असतं आणि बारीक वाचनाची सवय तिथे फार उपयोगी पडते.

चौथ्या भेटीला ती दोन नमुने घेऊन आली: पंपाचा कागद नीट टाइप करून आणि बँकेच्या एका कर्जपत्राचं सोपं मराठी. तिसरा कसला करायचा यावर घरात दोन मतं होती. आईला शिलाई मशीनचं पत्रक हवं होतं, वडिलांना विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं.