परतलेल्या माणसाला सवलत नसते

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परदेशात सुरुवातीलासुद्धा जेवढं एकटं वाटलं नव्हतं तेवढं स्वतःच्या घरात वाटतंय, असं लिहिलंस आणि लगेच पुढच्या ओळीत 'असं म्हणणंही कृतघ्नपणाचं आहे' असंही लिहिलंस. तो कृतघ्नपणा आधी बाजूला ठेव. जे होतंय ते जगभर होतं, आणि त्यावर विचार करणाऱ्यांनी फार पूर्वीच लिहून ठेवलंय.

आल्फ्रेड शुट्झ नावाचा समाजचिंतक व्हिएन्ना सोडून न्यूयॉर्कला गेला. त्याने १९४४ मध्ये परक्या मुलखात आलेल्या माणसावर एक निबंध लिहिला आणि १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर दुसरा. तेव्हा युद्धावरून सैनिक परतत होते. परक्याला ठाऊक असतं की आपल्याला इथलं काही ठाऊक नाही. परतणाऱ्याला मात्र वाटतं की आपल्याला सगळं माहीतच आहे. खरी मेख तिथे आहे.

तिकडे तू नवी होतीस तेव्हा कुणाशी किती मोकळं बोलायचं ते कळलं नाही, विनोदावर उशिरा हसलीस, तरी लोक सांभाळून घ्यायचे. तूही स्वतःला सांभाळून घ्यायचीस. इथे ती सवलत बंद. तुझा चेहरा, भाषा, आडनाव इथलंच, त्यामुळे तुझं अडखळणं कुणाला अडखळणं वाटत नाही, तोरा वाटतो. आणि तूही स्वतःला दटावतेस की आपल्याच घरी कसलं आलंय जुळवून घेणं!

१९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने याचा आलेख मांडला होता. परदेशात गेलेला माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग सावरतो. परतल्यावर हेच चक्र पुन्हा फिरतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधकांना ही रेघ प्रत्येकाच्या बाबतीत इतकी सुबक सापडली नाही. म्हणून कॅलेंडर लावून सहाव्या महिन्यात बरं वाटायची वाट बघत बसू नकोस. नॅन ससमन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं मला जास्त पटतं. आपण तिकडे बदलत असतो, पण किती बदललो हे घरी येईपर्यंत आपल्याच ध्यानात येत नाही. जी माणसं तिकडे मनापासून रुळली, त्यांना परतणं जड जाऊ शकतं. तू तिकडे छान रुळली होतीस.

आता जेवणाच्या टेबलावरच्या त्या भांडणाकडे येते. तू म्हणालीस, 'तिकडे डॉक्टर असं तोडून बोलत नाहीत.' भावाने ताट सरकवलं आणि म्हणाला, 'मग राहायचं होतंस तिकडेच.' तुला वाटलं, आपण साधी गोष्ट सांगितली आणि हा अंगावर आला. पण वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या बाकड्यावर रात्री कोणी काढल्या, ते आठव. त्याच तोडून बोलणाऱ्या डॉक्टरांच्या पाया पडायची वेळ त्याच्यावर आली असेल. फोनवर तुला 'सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस' एवढंच कळत होतं. ते ठीक ठेवायला किती लागलं हे तुला कुणी सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. तुझ्यामागे या घराने काही वर्षं काढली, त्यात तू नव्हतीस. तुझ्या गैरहजेरीत त्यांनी निर्णय घेतले, कामं वाटून घेतली, एकमेकांशी बोलायची नवी पद्धत बसवली. तू मात्र जाताना पाहिलेल्या घरात परत यायला निघालीस.

म्हणून तुलना थोडे दिवस तोंडाबाहेर काढू नकोस. ती बरोबर असली तरी. त्याऐवजी भावाला एकट्याला गाठ आणि त्या दिवसांबद्दल विचार. त्याने काय ऐकून घेतलं, पैसे कसे उभे केले, कोण मदतीला आलं, कोणी पाठ फिरवली. मध्येच आपलं घुसडू नकोस, सल्ला तर मुळीच नको. नव्या देशात जशी तू लोकांना विचारत विचारत शिकलीस, तसंच इथे करायचंय. फक्त इथे विचारायला जास्त लाज वाटते.

मैत्रिणींबद्दल तुझी तक्रार खरी आहे. 'कसं होतं गं तिकडे?' म्हणतात आणि दोन मिनिटांत विषय दुसरीकडे. त्यांचा दोष धरू नकोस. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस किती विचारणार? असं परतून आलेलं एखादं माणूस शोध, त्याच्याशी मनमुराद बोल. मात्र तिथे नुसता कुरकुरीचा अड्डा होऊ देऊ नकोस. अशा बैठका मी पाहिल्यात, त्यातून कुणी हलकं होऊन उठत नाही. ऑफिसातही 'आम्ही असं करायचो' हे वाक्य लोकांनी विचारेपर्यंत राखून ठेव.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. झोप आणि भूक कित्येक आठवडे ताळ्यावर नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर 'परतल्यावर असं होतंच' म्हणून अंगावर काढू नकोस. डॉक्टरांकडे जा.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, परत निघून जाऊ का? जाणं म्हणजे हार नाही. पण भांडणाच्या रात्री तिकीट काढायचं नाही. कारणं कागदावर लिही. त्यातली किती तिथल्या कामाची, माणसांची ओढ म्हणून आहेत आणि किती नुसती इथून सुटायला म्हणून, हे वेगळं कर आणि तो कागद मला पाठव. भावाशी बोलणं झाल्यावर लिहिलास तर बरं.